चौथी आठवण

४ फेब्रुवारी

दादा,

वर तीर्थरूप वगैरे लिहिलेलं नाही. विसरलो म्हणून नाही, हात वळला नाही म्हणून. पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. माझा फोन तू घेत नाहीस, आणि घरी टाकलं तर आधी वहिनी फोडणार.

एकच विचारायचंय. मी पाच वर्षांचा असताना मला खोलीत कोंडून तू कुठं गेला होतास?

कपाळाला आठ्या घालू नकोस. अंधारी खोली. गोण्यांचा वास. दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ. मी दार बडवतोय, तुला हाका मारतोय. बाहेर चपलांचा आवाज येतो, थांबतो, मग लांब लांब जातो. टाच घासत चालायची सवय आपल्या घरात एकालाच आहे.

आई गेली त्या दिवशी तू मला सगळ्यांसमोर म्हणालास, "घर टाकून पळणाऱ्यानं इथं रडायचं नाही." तेव्हापासून आपलं बोलणं बंद. आणि तेव्हापासून मी स्वतःलाच विचारतोय, आपण पळालो तरी कशाला? शाळेत टिकलो नाही. एका नोकरीत वर्ष काढलं नाही. दार बंद झालं की छातीत धडधडतं. सगळे म्हणायचे याच्या पायाला भिंगरी आहे. ती कुणी बांधली ते आता कळलं.

कसं कळलं तेही ऐक. मी इथं धुलाईच्या कारखान्यात आहे. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी येतात. तापलेल्या रुळातून चादर बाहेर आली की दोघांनी दोन टोकं धरून घडी घालायची. माझ्या समोरचं टोक उंट धरतो. खोलीतही आम्ही दोघंच. नाव उंट, कारण दारातून आधी मान येते आणि बाकीचा माणूस सवडीनं. आमच्या चादरी विद्यापीठातही जातात. तिथं माणसांना झोपवून त्यांची झोप तपासतात. चादरी उतरवताना तिथल्या एका मॅडमनी विचारलं, लहानपणच्या आठवणींवर आमचा अभ्यास चाललाय, बसाल का? तीन बैठका, आणि प्रत्येक बैठकीचे पैसे. चार पानांचा कागद होता. मी शेवटचं पान उघडून सही ठोकली.

आता हसशील ते सांगतो. माझ्या लहानपणाबद्दल सांगेल असा घरातला मोठा माणूस त्यांना फोनवर हवा होता. मी नाव तुझं दिलं आणि नंबर उंटाचा. तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, मला भाऊ नाही. उंटाला म्हटलं, तू आजपासून माझा दादा, आवाज जरा जाड काढ, आणि मी तुला आजवर जे सांगितलंय तेच सांग. त्यानं सांगितलं. मला कुत्रं चावलं ते. मी शाळेच्या भिंतीवरून पडलो ते. आईची साडी फाडून पतंगाला शेपूट लावलं ते. बैठकीत मॅडमनी या तिन्ही वाचल्या. मग चौथी वाचली. "पाच वर्षांचे असताना तुम्ही एका बंद खोलीत अडकला होतात. बराच वेळ."

ही मी उंटाला कधी सांगितली, हे आधी कळेना. मग लक्षात आलं. डिसेंबरात मी तापानं फणफणलो होतो. उंट उशाशी बसून होता आणि मी बडबडत होतो. त्या बडबडीतून निघाली असणार. शुद्धीत असताना दाबून ठेवलेलं शुद्ध गेल्यावर बाहेर पडलं. ते खोटं कसं असेल? उंटाला विचारायचीही सोय नाही. बैठका संपेपर्यंत या आठवणींबद्दल कुणाशी बोलायचं नाही, असं मॅडमनी बजावलंय. तुला लिहितोय हेही नियमाबाहेरच.

उत्तर दे.

१९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं.

दुसरी बैठक झाली. मॅडम आवाज चढवत नाहीत, घाई करत नाहीत. आठवत नाही म्हटलं तर म्हणतात, "हरकत नाही, सुरुवातीला पुष्कळांना आठवत नाही. डोळे मिटा. भिंतीला हात लावा. गार आहे का ऊबदार?" गार होती. "पायाखाली काय आहे?" काहीतरी टोचणारं. "कुणाला हाक मारताय?" तुला. दुसरं होतंच कोण! आई कामावर, बाबा आपल्या नशिबात नव्हतेच. या वेळी मला कडी लावल्याचा आवाजही आला. लोखंडाची कडी, वरून खाली पडली. मी खुर्चीतच दचकलो. मॅडमनी पाण्याचा पेला पुढं केला. इतक्या मायेनं गेल्या कित्येक दिवसांत मला कुणी पाणी दिलं नव्हतं.

पुढचं तुला कळलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक. मी वहिनीला फोन केला. तिच्या कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत, मुद्दाम. इकडचं तिकडचं बोललो आणि विचारलं, "वहिनी, चिमणी दुपारची कुठं असते?"

"कुठं म्हणजे? तिच्या बाबांच्या दुकानात. मागच्या खोलीत झोपते."

"आणि दादा?"

"ते पुढं पंपांच्या जळलेल्या मोटारी बांधत बसतात. तारा असतात, यंत्र असतं, म्हणून बाहेरून कडी लावून घेतात. का हो भाऊजी?"

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला तरी तिनं फोन ठेवला नाही. एवढंच म्हणाली, "ती उठल्यावर रडते. आत खूप वेळ रडत असते, असं शेजारचा चहावाला म्हणाला होता. मी म्हटलं, मुलं रडतातच."

आठवड्याच्या आत ती चिमणीला घेऊन माहेरी गेली. तुला सांगून गेली का न सांगता, मला माहीत नाही. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. एका मुलीसाठी तरी दार उघडलं असं वाटलं.

आज दिवसभर मात्र माझ्या घड्या वाकड्या पडत होत्या. उंट पलीकडून ओरडला, "अरे, चादर धरलीयस का कुणाचा गळा?"

६ मार्च

दादा,

हे पत्र फाडण्याआधी पूर्ण वाच. हात जोडतो.

तिसरी बैठक झाली. या वेळी मॅडमबरोबर त्यांचे सर होते. सर म्हणाले, आज तुम्हाला अभ्यासाचा खरा हेतू सांगायचा आहे. चारपैकी तीन आठवणी तुमच्या भावानं सांगितलेल्या, एक आम्ही रचलेली. बसणाऱ्या प्रत्येकाला तीच एक सांगतो. न घडलेली गोष्ट माणसाला आठवते का, हे आम्ही पाहतो.

मी हसलो. म्हटलं, "पतंगाची का?"

"खोलीची," मॅडम म्हणाल्या.

"छे! तीच तर सगळ्यात स्वच्छ आठवते."

सरांनी मान डोलावली. डाग पूर्ण निघाला की आमचा मुकादम डोलावतो तशी.

मी विचारलं, झालंच नाही हे कशावरून? सर म्हणाले, त्याची खबरदारी आम्ही घेतो. तुमच्या मोठ्या भावाला आधीच विचारलं होतं, हा असा कधी अडकला होता का? ते ठामपणे नाही म्हणाले.

माझा मोठा भाऊ. म्हणजे उंट.

मी खरं काय ते सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. सर म्हणाले, "मग तुमची माहिती वगळावी लागेल. तुम्ही खोटा नातेवाईक दिलात."

"आणि तुम्ही?"

"आम्ही ते कागदावर लिहिलं होतं. काही गोष्टी शेवटी उघड करू, असं तिसऱ्या पानावर आहे. शिवाय तुम्ही केव्हाही उठून जाऊ शकत होतात, तेही सांगितलं होतं."

सांगितलं होतं, खरंय. पण दादा, पैसे ठरवून बसलेला माणूस काम अर्ध्यात टाकून उठतो का? मला ते, 'वाटल्यास पंखा लावा' म्हणतात तसंच वाटलं होतं.

मॅडम जिन्यापर्यंत मागं आल्या. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "या दिवसांत तुम्ही घरी काही बोललात का? मी मध्ये विचारायला हवं होतं." मी नाही म्हणालो. का नाही म्हणालो, देव जाणे. त्यांनी एक नंबर दिला, मन मोकळं करायचा. तिथल्या बाईंनी माझा वर्ग विचारला. मी म्हटलं, धुलाई. त्या म्हणाल्या, ही सोय फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे.

खोलीवर येऊन उंटाची गचांडी धरली. तो म्हणाला, "अरे, त्यांनी विचारलं कधी कोंडला गेला होता का, मी म्हटलं नाही. मला भाजी चढवायची होती. मी काय तुझ्या पाळण्याशी बसलो होतो?" कोंडल्याचं मी त्याला कधीच सांगितलेलं नव्हतं.

आता बघ माझं काय झालंय. खोली त्यांनी रचली. पण कोंडणारा त्यांनी सांगितलाच नव्हता. 'अडकला होतात,' एवढंच. ती जागा त्यांनी रिकामी ठेवली आणि तिथं तुला मी आणून उभा केला. तुझ्या चपला मी घातल्या, कडी मी लावली. हे मला पूर्ण कळतं. तरी डोळे मिटले की भिंत गारच लागते. कळून काही उपयोग होत नाही.

वहिनीला लगेच फोन केला. म्हटलं, खोटं होतं सगळं, मला फसवलं. ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही रडत सांगत होतात की खरं आहे. आज रडत सांगताय की खोटं आहे. मी मुलीची आई आहे. मी कुठल्या दिवशीचं धरू?"

आता तूच एक उरलास. आई असती तर तिला विचारलं असतं. रागानं विचारत नाही, मला नुसतं जाणून घ्यायचंय. कधी असं झालं होतं का? नीट आठवून लिही.

तुझा धाकटा

१७ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. इतक्या महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी पाकिटालाच कपाळ लावलं. मग वाचलं.

तू लिहितोस, "तुझं खरं आहे. मी बसून आठवलं. मी बारा वर्षांचा होतो. मला खेळायला जायचं होतं आणि तू पाय धरून बसला होतास. तुला आत ढकललं. तू ओरडत होतास म्हणून रेडिओ मोठा केला. इतकी वर्षं मी हे विसरून कसा जगलो? चिमणीच्या आईला कळवलंय, की तिला माझ्याजवळ एकटी ठेवू नकोस. मी कडी लावायचो तेव्हा माझ्या मनात काय असायचं, याची मलाच आता खात्री नाही."

रेडिओ. दादा, मी तुला रेडिओचं कधी लिहिलं नव्हतं. आपल्याकडे रेडिओ होता का, हेही मला आठवत नाही. आणि तू खेळायला निघून गेलास तर घरात बसून रेडिओ मोठा कुणी केला? पण वाचता वाचता मला तो ऐकू यायला लागला. गाणं नाही, बातम्या. एका बाईचा आवाज. मी पत्र खाली टाकलं आणि कारखान्यात जाऊन यंत्राच्या घरघरीत उभा राहिलो.

तू काय केलंस ते मला माहीत आहे. तू त्या खुर्चीत बसलास. तिथं मॅडम नव्हत्या, माझं पत्र होतं. 'नीट आठवून लिही,' असं मीच लिहिलं होतं ना? तू कायम सांगितलेलं काम नीट करणारा.

किंवा खरंच कोंडलं असशील. बारा वर्षांचं पोर, दिवसभर धाकट्याला सांभाळायला बांधलेलं. कोंडलंही असेल एखाद्या दुपारी. मी तुला माफ केलं असतं, शपथेवर सांगतो. पण माफ करायला आधी ते घडलेलं असावं लागतं. ते कोण सांगणार?

उंटाला आज विचारलं, "डिसेंबरात तापात मी काय बडबडत होतो?" म्हणाला, "पाणी मागत होतास, आणि मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतास. बाकी काही नाही." मी म्हटलं, दादाचं नाव? "नाही बाबा. घेतलं असतंस तर मीच फोन लावला असता त्याला. मी घाबरलो होतो."

आता झालं नव्हतं असं सांगून भागणार नाही. मी सांगितलं तर वहिनीचा विश्वास नाही, सरांनी सांगितलं तर माझाच बसत नाही, आणि तू तर कबुली देऊन मोकळा झालास. तुझ्या डोक्यातून ती खोली आता निघायची नाही. माझ्या निघाली नाही, तुझ्या कशी निघेल? मग एकच राहतं. खोली तशीच राहू द्यायची आणि तिच्यात दुसरा माणूस आणायचा. ते कसं करतात, मी पाहिलंय. तीन बैठका.

हे पाप आहे का, ते मला कळत नाही. त्यांनी मला विचारलं नव्हतं, मीही तुला विचारणार नाही. फरक एवढाच, की ते बघत होते काय होतं ते, आणि मला माहीत आहे काय व्हायला हवंय. हा फरक पुरेसा आहे का? तू असतास समोर तर म्हणाला असतास, धाकट्या, पुन्हा घोळ घालतोयस.

हे पत्र टाकणार नाही. मी तुला जे जे मनापासून लिहिलं, त्यानं तुझं वाईटच झालं. हे चुलीत जाईल. मुकादमाकडे सुट्टी मागितली, त्यानं दिली नाही. म्हणून नोकरी सोडली. उंट म्हणाला, "आता माझ्या समोरचं टोक कोण धरणार रे?"

२३ मार्च

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण मी प्रवासात होतो. हे पत्र वहिनीच्या भावाच्या घरून लिहितोय. वहिनी समोर बसून शिवण शिवतेय. चिमणी माझ्या मांडीवर चढून पेन ओढतेय, म्हणून अक्षर असं.

तू लिहिलंस ते खरं आहे. खोली होती. त्या लोकांनी थाप मारली आणि ती नेमकी आपल्या घरात येऊन लागली, असंही होतं कधीकधी. पण तुला अर्धंच आठवलंय, आणि मलाही अर्धंच आठवत होतं. उरलेलं उंटाकडून कळलं. तापात मी काय बडबडलो, हे त्याला मी नीट विचारलंच नव्हतं. त्यानं सांगितलं, मी सारखं एकच घोकत होतो: दादानं काढलं, दादानं काढलं.

ते ऐकल्यावर मला सगळं लख्ख आठवलं. मी स्वतःच आत गेलो होतो, गोण्यांमागं लपायला. दार फुगलेलं होतं, ते घट्ट बसलं. तू बाहेर होतास. रेडिओ चालू होता म्हणून तुला आधी ऐकू आलं नाही. ऐकू आलं तेव्हा तू धावत आलास. चपलांचा आवाज आठवतो ना तुला? तो लांब जातो, मग पुन्हा जवळ येतो. तू काहीतरी आणायला गेला होतास, दार मोडायला. मग उजेड आला आणि तू मला उचललंस. तुझा शर्ट घामानं भिजला होता. तू रडत होतास आणि मला म्हणत होतास, रडू नको.

आधी आठवणार नाही कदाचित. सुरुवातीला पुष्कळांना आठवत नाही. दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा जरा डोळे मिटून बस. शर्ट कुठला होता ते बघ. दाराचं लाकूड हाताला कसं लागत होतं ते बघ.

वहिनीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, "हे तुम्ही सांगताय. त्यांनी स्वतःच्या तोंडानं असंच सांगितलं, तर मी येईन. मागच्या खोलीचं दार मात्र काढून टाकायचं, बिजागरीसकट." मी म्हटलं, दार मी काढतो, ते कामच आहे माझं. तेव्हा दुकानात ये म्हणून कळव. मी काही दिवस राहीन म्हणतो. मोटारी बांधायला शिकवशील का?

फोन वहिनीलाच कर. मला नको. तिच्याशी बोल, तुझं तुला आठवेल तसं.

चिमणीनं सगळं कान देऊन ऐकलं. तिनं विचारलं, "बाबांनी एवढं मोठं दार मोडलं?" मी हो म्हटलं. "हातानं? का कुऱ्हाडीनं?" मी म्हटलं, ते बाबांनाच विचार, त्यांना पक्कं माहीत आहे. तुझा फोन आल्या आल्या ती तेच विचारणार आहे. कशानं मोडलंस, ते मी तिला सांगितलेलं नाही. वहिनीलाही नाही. तुला जे आठवेल ते सांग.

तुझा धाकटा